पिण्याच्या पाण्याच्या तलावांभोवती माउंटन बायकिंगला वाट द्यावी का, आणि द्यायची तर कोणत्या अटींवर?

पांझराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धुळे शहर ज्या तलावांचे पाणी पिते त्यांपैकी डेडरगाव, नकाणे आणि हरणमाळ हे तलाव माळरानाला व टेकड्यांना लागून आहेत. लळिंगच्या कुरणापासून या तलावांच्या परिसरापर्यंत ढोरवाटांचे जाळे पसरलेले आहे, आणि जाड टायरच्या, गिअरच्या सायकली आपल्याकडेही सहज मिळू लागल्यापासून या वाटांवर सकाळी तरुण मुलेमुली दिसू लागली आहेत. महामार्गाच्या कडेने जीव मुठीत धरून सायकल चालवण्यापेक्षा त्यांनी टेकडीवर जावे असेच मला वाटते. आमच्या ओळखीच्या काही सायकलस्वारांनी वनखाते आणि महापालिका या दोघांकडे एक ठरावीक मार्ग रीतसर मागावा असा विचार मांडला, तेव्हा मंडळींतून लगेच आक्षेप आला की हे पाणी आपल्या घरातल्या माठात येते, तिथे खेळ कशाला हवा. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच इथे चर्चेला घेत आहे.

जगभर हा वाद जुना आहे. कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटीत माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे, जिथे १९७०च्या दशकात या खेळाचा जन्म झाला असे मानतात, आणि गंमत अशी की त्या डोंगराचा मोठा भाग तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या मालकीचे पाणलोट क्षेत्र आहे. तिथे सायकलींना रुंद वणवारस्त्यांवर (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीच्या कच्च्या रस्त्यांवर) परवानगी आहे, वेगमर्यादा ताशी १५ मैल आणि वळणांवर ५ मैल आहे, आणि अरुंद पायवाटा मात्र अनेक दशके सायकलींना बंद ठेवल्या गेल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाने दुसरी रीत धरली. पर्थजवळच्या मुंडारिंगसारख्या जलाशयांच्या काठापासून वरच्या अंगाला साधारण २ किलोमीटरचा पट्टा संरक्षित ठेवायचा, त्या पट्ट्यात मनोरंजन जवळपास नाही, आणि त्याच्या बाहेरच्या पाणलोटात नेमून दिलेल्या वाटांवर सायकल चालवायची.

माझे म्हणणे असे की आपल्याकडे अंतराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ऋतूचा विचार व्हायला हवा. खानदेश पर्जन्यछायेत आहे. आपले तलाव मोजक्या मोठ्या पावसांत भरतात, आणि तलावात येणारी बहुतेक माती त्याच काही तासांत येते. दिवाळीपासून पुढे सहा-सात महिने टेकडी कोरडी ठाक असते, तेव्हा चाकाखालच्या मातीला तलावापर्यंत पोहोचवणारे पाणीच नसते. पावसाळ्यात वाट पूर्ण बंद आणि उरलेल्या काळात खुली, एवढा नियम जरी कसोशीने पाळला तरी बराचसा प्रश्न सुटतो असे मला वाटते. जाणकारांनी आपले मत द्यावे.

गाळणी

मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून पांझराकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल लिहितो. उन्हाळ्यात सुटलेली माती कुठे जात नाही हे खरे, परंतु ती तिथेच भुकटी होऊन पडून राहते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस येतो तेव्हा आठ महिन्यांची ही सगळी भुकटी, शेण, पालापाचोळा आणि कचरा एकाच लोंढ्यात खाली येतो. जलशुद्धीकरण केंद्रावर काम केलेल्या कोणालाही विचारा, वर्षातले सर्वांत अवघड दिवस भर पावसाळ्यातले नसून या पहिल्या लोंढ्याचे असतात. तलाव तळाशी गेलेला असतो, त्यामुळे आलेला गढूळपणा पातळ करायला साठाही नसतो.

गढूळपणा हा केवळ डोळ्यांना खटकणारा दोष आहे असे अनेकांना वाटते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचे एकक) स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. याचे कारण असे की मातीच्या बारीक कणांना चिकटून बसलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही. पाणी गढूळ आले की तुरटी वाढवावी लागते, गाळणीचे थर लवकर तुंबतात, ते वारंवार उलट्या प्रवाहाने धुवावे लागतात, आणि धुण्यात शुद्ध केलेलेच पाणी खर्ची पडते. ज्या शहराला आधीच काही दिवसांआड पाणी मिळते, तिथे हा खर्च कोणाच्या तरी हंड्यातून वजा होतो.

तरीही सायकलच्या टायरपेक्षा सायकलवर बसलेल्या माणसाची मला अधिक धास्ती आहे. एप्रिलच्या उन्हात पारा ४२-४३ अंशांवर असताना टेकडीवरून घामाघूम होऊन उतरलेला मुलगा समोर पाणी दिसल्यावर थांबेल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. तो हातपाय धुईल, मग पोहेल, मग चिखलाची सायकल धुईल. आसपास शौचालय नसेल तर काय होणार हे सांगायला नको. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पाण्यातून पसरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, तेव्हा त्या शहरात पाणी गाळलेही जात होते आणि त्यात क्लोरीनही घातले जात होते. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही; त्याला अडवते ती नीट चालणारी गाळणी, आणि त्याआधी विष्ठेला पाण्यापासून लांब ठेवणे.

फ्रीव्हील

गाळणी काका, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून विचारतो. त्याच तलावात म्हशी डुंबतात, काठावर ट्रॅक्टर धुतले जातात, उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडीत क्षेत्रात गाळपेराची शेती होते आणि त्या शेतीत खते व कीटकनाशकेही पडतात. रात्रीच्या पार्ट्यांच्या फुटक्या बाटल्या आम्ही सायकलवाल्यांनीच कितीदा तरी गोळा केलेल्या आहेत. हे सगळे वर्षानुवर्षे चालू असताना नियमांची आठवण सायकल दिसल्यावरच का व्हावी?

संशोधनही आमच्या बाजूचे आहे. १९९४ साली मोंटानामध्ये घोडे, पायी चालणारे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना झाली, तेव्हा ओल्या केलेल्या वाटांवर खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली असे आढळले. २००१ साली ऑन्टारियोमध्ये झालेल्या प्रयोगातही पायी चालणे आणि सायकल यांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. गुरांना वाट आहे, गिरिभ्रमण करणाऱ्यांना वाट आहे, मग आम्हांलाच मज्जाव का?

गाळणी

फ्रीव्हील, गाळपेराबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि पिण्याच्या पाण्याच्या तलावात ती शेती नियंत्रणात असायला हवी असे मी नोकरीत असतानाही म्हणत आलो. गुरांचेही तसेच, वासरांच्या शेणात तो क्रिप्टोस्पोरिडियम परजीवी अनेकदा सापडतो. परंतु अगोदरच चार छिद्रे आहेत म्हणून पाचव्याला हरकत नसावी, हा युक्तिवाद पाणीपुरवठ्यात चालत नाही. शिवाय गुराखी पिढ्यान्‌पिढ्या तिथला आहे, त्याची उपजीविका त्या गवतावर आहे. हौस आणि उपजीविका यांना एकाच मापाने मोजू नये.

मुरूमवाट

मी भूगर्भशास्त्र शिकवतो आणि स्वतः सायकल चालवतो, त्यामुळे मला दोन्ही बाजूंकडून बोलणी खावी लागतात.

फ्रीव्हील यांनी सांगितलेले दोन्ही अभ्यास खरे आहेत, मात्र त्यांतून काढलेला निष्कर्ष थोडा ताणलेला आहे. ते अभ्यास एकेका फेरीचा परिणाम मोजतात. पायी चालणारा सकाळभरात पाच-सहा किलोमीटर जातो, तर सायकलस्वार तेवढ्याच वेळात त्याच्या तिप्पट-चौपट वाट तुडवतो. दुसरे असे की ब्रेक दाबून मागचे चाक घसरवण्याची जी आवड नवशिक्यांत असते, तिचा परिणाम साध्या फेऱ्यांच्या हिशेबात येत नाही. उतारावर चाक घसरले की वरचा मुरूम सुटतो, तिथे पन्हाळीसारखी खाच पडते, पुढच्या पावसात पाणी तीच खाच धरते, आणि एकदा पाण्याने वाट धरली की सायकल बंद केली तरी घळ वाढतच जाते.

आपल्या भागातली जमीन याबाबत फार क्षमाशील नाही. टेकड्यांवर बेसॉल्टच्या खडकावर मुरमाचा पातळ थर असतो, तो निघाला की खाली कातळ लागतो आणि तिथे पुन्हा गवत उगवत नाही. पायथ्याशी काळी माती असते. ती कोरडी असताना भेगाळते, ओली झाली की फुगते आणि टायरला पेंडीसारखी चिकटते. त्या अवस्थेत तिच्यावर सायकल नेली तर सायकलही जाते आणि जमीनही. त्यामुळे पावसाळ्यातील बंदी शेवटच्या पावसानंतर लगेच उठवू नये, काळी माती सुकेपर्यंत ती राहायला हवी.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जिचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही. वाट कुठून काढली आहे यावर निम्म्याहून अधिक गणित अवलंबून असते. आपल्या ढोरवाटा आणि सध्याच्या सायकलवाटा बहुतेक ठिकाणी सरळ उताराने खाली येतात, कारण गुरांना आणि तरुणांना दोघांनाही तेच सोपे किंवा मजेचे वाटते. वाटा बांधणाऱ्यांचा जगभरचा ठोकताळा असा आहे की वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि सरासरीने दहा टक्क्यांच्या आसपास राहावा. वाट डोंगराच्या कडेने, समतल रेषेला जवळजवळ धरून जावी, तिची बाहेरची कड किंचित खाली असावी म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता आडवे निघून जाते, आणि ठरावीक अंतराने वाटेला छोटा उलटा चढ द्यावा म्हणजे जमू पाहणारे पाणी तिथेच बाहेर पडते. असे केले तर पाणी वाटेवर वेग घेत नाही. वेग वाढला की माती वाहून नेण्याची पाण्याची ताकद त्याच्या कितीतरी पट वाढते, त्यामुळे वाटेची आखणी हाच खरा उपाय आहे.

आपल्या टेकड्यांवर वनखात्याने आणि पाणलोट विकासाच्या कामांत पाणी व माती अडवण्यासाठी उताराला आडवे खणलेले सलग समतल चर आहेत, हे सायकलस्वारांनी आवर्जून लक्षात ठेवावे. चराच्या बांधावरून उडी मारण्याची मजा मी समजू शकतो. पण बांधाला एका जागी खिंड पडली की त्या चरात अडलेले सगळे पाणी त्या एकाच खिंडीतून सुटते, खालचा चर फोडते, मग त्याच्या खालचा. ज्या कामामुळे तलावात गाळ कमी येतो, तेच काम गाळ आणायला लागते. मी स्वतः कोणताही मार्ग मान्य करण्यापूर्वी तो किती चर ओलांडतो हे आधी पाहीन, आणि जिथे ओलांडणे अटळ आहे तिथे दगड रचून पक्की ओलांडणी बांधल्याशिवाय सायकल सोडणार नाही.

मेहरूणकर

जळगावचा अनुभव थोडक्यात सांगतो. मेहरूण तलाव एकेकाळी शहराचा पाण्याचा आधार होता. आज तो फिरायला जाण्याची जागा आहे, आणि शहर वाघूर धरणाचे पाणी पिते. सायकलींनी मेहरूणचे पाणी घालवले असे मी म्हणत नाही, ते शहर वाढल्यामुळे झाले. परंतु एखादा जलाशय लोकांच्या मनात ‘फिरण्याची जागा’ झाला की त्याचे ‘पिण्याचे पाणी’ हे रूप हळूहळू पुसले जाते, आणि मग तिथे टपऱ्या, विसर्जन, वाहनतळ हे सगळे ओघाने येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा २ किलोमीटरचा पट्टा आपल्या डेडरगावसारख्या लहान तलावाला लावला तर त्याच्या बहुतेक टेकड्या त्यातच जातील, हेही ध्यानात घ्यावे.

साक्रीची लेक

वरच्या सगळ्या प्रतिसादांत वनखाते आले, महापालिका आली, सायकलस्वार आले. टेकडीच्या पायथ्याच्या गावाला कोणी विचारायचे, हे मात्र राहून गेले.

आमच्या साक्री तालुक्यातले बारीपाडा सर्वांना ठाऊक आहे. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर तर बाहेरच्यांनाही ठाऊक झाले. उजाड झालेले जंगल त्या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून परत आणले, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला, आणि हे सर्व गावाने बसून ठरवले असल्यामुळे ते टिकले. जंगल आल्यावर विहिरींना पाणी आले. ज्या टेकडीवर गावाने स्वतःच्या गुरांना बंदी घातली, त्या टेकडीवर शहरातून आलेल्या सायकलींनी मोकळे फिरावे, असे कोणी सुचवले तर गावाला काय वाटेल याचा विचार करावा.

याला कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभांना लगतची पाणलोट क्षेत्रे आणि जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिलेला आहे. जिथे सामूहिक वनहक्क मंजूर आहेत तिथे मार्ग आखण्यापूर्वी ग्रामसभेसमोर बसणे ही मेहेरबानी नाही. अनेर धरण, यावल किंवा गौताळा यांसारख्या अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही, हे नवीन मुलांना सांगायला हवे. नकाशाच्या ॲपवर वाट दिसते म्हणून ती खुली आहे असा त्यांचा समज असतो.

फ्रीव्हील दादांना एक उत्तर द्यायचे आहे. गुरे आणि सायकली यांची तुलना तुम्ही केलीत, ती आम्हांला अशी लागू पडते: आमच्या आजोबांनी चराई बंद केली तेव्हा त्यांच्या घरचे दूध कमी झाले. तुमची एखादी वाट बंद झाली तर तुमचे काय कमी होईल?

फ्रीव्हील

ताई, उत्तर बोचरे आहे, पण ऐकून घेतो. आमच्यातल्या बहुतेकांची ग्रामसभेसमोर बसायला हरकत असणार नाही; अडचण अशी की बोलावणार कोण आणि कोणाच्या नावाने, हेच कळत नाही. आम्ही नोंदणीकृत संस्था नाही, चार-दहा जण आहोत.

एक भीती मात्र सर्वांसमोर ठेवतो. आम्हांला सरसकट बंदी केली तर जबाबदार मंडळी घरी बसतील आणि बेपर्वा मंडळी रात्री-पहाटे जातील. आणि मोटारसायकलवाले तर कोणाला विचारतच नाहीत. आज लळिंगच्या बाजूला टेकडीवर मोटारसायकलींच्या ज्या खोल खाचा पडलेल्या दिसतात, त्या कोणत्याही सायकलच्या नाहीत. रीतसर मार्ग असला, त्यावर रोज कोणी ना कोणी ये-जा करणारे असले, तर निदान लक्ष तरी राहते.

गाळणी

मोटारसायकलींचा मुद्दा बिनतोड आहे, आणि माझ्या मते मार्ग देण्याविरुद्धचा सर्वांत मोठा मुद्दाही तोच आहे. सायकलसाठी सपाट केलेल्या वाटेवर दुचाकी अधिक सहज जाते. प्रवेशाच्या जागी सायकल उचलून न्यावी लागेल अशी दगडी अडवण असल्याशिवाय मी या प्रस्तावाला पाठिंबा देणार नाही.

पांझराकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझ्या मूळ प्रस्तावात ऋतू होता. गाळणी यांच्या पहिल्या लोंढ्यामुळे त्यात आता डागडुजी घालावी लागणार आहे, आणि मला वाटते हीच या विषयाची कळ आहे. पावसाळ्यात वाट बंद ठेवणे म्हणजे फक्त येऊ नका असे सांगणे. पावसाळ्यापूर्वी वाट दुरुस्त करणे म्हणजे ज्याने वापरली त्याने भरपाई करणे.

हे आपल्या मातीत नवीन नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके चाललेली फड पद्धत इथल्या अनेकांच्या घरात जगली आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत, म्हणजे शेतांच्या गटांत, यायचे, पाटकरी ते नेमून दिलेल्या क्रमाने वाटायचा, आणि पाटातला गाळ काढणे व डागडुजी करणे हे ज्यांना पाणी मिळते त्यांनीच मिळून करायचे, अशी ती रीत होती. पाणी घेण्याचा हक्क आणि पाट राखण्याचे काम या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नव्हत्या. टेकडीवरची वाट याच रीतीने का देऊ नये? जो मे महिन्यात कुदळ-फावडे घेऊन खिंडी बुजवायला, चरांच्या ओलांडण्या नीट करायला आणि वाटेवरची सुटी माती दाबायला येईल, त्याला पुढच्या मोसमात सायकल नेता येईल. न येणाऱ्याला नाही. श्रमदान हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही, कारण यात दान काहीच नाही.

आता जागेबद्दल. मेहरूणकर यांचे म्हणणे मान्य करून मी तलावाभोवतीचा मार्ग मागणीतून काढून टाकतो. मार्ग टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, म्हणजे ज्या उताराचे पाणी तलावात येत नाही तिथे आखावा, आणि जिथे तो माथ्यावरून अलीकडे येणे अटळ आहे तिथून पाण्यापर्यंत उतरणारी एकही वाट नसावी. २ किलोमीटर हा आकडा उसना घेण्यापेक्षा पाणी कोणीकडे वाहते हे पाहून रेषा ओढणे आपल्या लहान टेकड्यांना अधिक लागू पडेल. काठावर जाणाऱ्या जुन्या ढोरवाटांच्या तोंडाशी काट्यांचे कुंपण घालण्याचे काम सायकलस्वारांनी करावे, मात्र गुराख्याला विचारून.

मुरूमवाट

पलीकडचा उतार ही सूचना उत्तम आहे, परंतु तिथे पायथ्याशी शेते आणि विहिरी आहेत, हे पाहून घ्यावे लागेल. शहराचे पाणी वाचवण्यासाठी गाळ गावाच्या विहिरीत पाठवला असे व्हायला नको. टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, समतल रेषा पाहून मी एक ढोबळ आखणी करू शकतो, त्यानंतर प्रत्यक्ष फिरून चर मोजावे लागतील.

साक्रीची लेक

आखणी झाल्यावर नकाशा गावात दाखवायला याल तेव्हा सायकलवरून या, म्हणजे लोकांना नेमके काय चालले आहे ते कळेल. आणि मे महिन्यातल्या कामाला गावातल्या मुलांनाही बोलवा. आमच्याकडेही गिअरच्या सायकली आल्या आहेत.

गाळणी

पहिल्या दोन पावसाळ्यांत प्रत्येक जोरदार पावसानंतर, नवीन वाटेखालच्या ओहोळाचे आणि वाट नसलेल्या शेजारच्या ओहोळाचे असे दोन नमुने बाटलीत भरून आणणार असाल, तर गढूळपणा मोजून देण्याची व्यवस्था मी करतो. मोजणीचे उपकरण महाग असते, पण ओळखीच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते आहे. दोन्ही बाटल्यांवर ठिकाण आणि वेळ लिहायला विसरू नये. वाटेखालचे पाणी सातत्याने अधिक गढूळ निघाले तर तिसऱ्या वर्षी वाट बंद करायची, ही अट अर्जातच लिहून द्यावी, म्हणजे नंतर भांडण राहणार नाही.

फ्रीव्हील

अट मान्य. बाटल्या आम्ही आणतो. उपाहारगृहातल्या प्लास्टिकच्या बाटल्या चालतील की काचेच्याच हव्यात, एवढे कळवा.

गाळणी

गढूळपणासाठी स्वच्छ धुतलेली प्लास्टिकची चालेल. जंतू तपासायचे असतील तर निर्जंतुक केलेली बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागेल, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा लागेल.